एमबीए, बीबीए आणि इतवारीतली खतावणी

हिशेबनीस (धागाकर्ता)

निकाल लागले की आमच्या घरचा फोन जूनभर वाजत असतो. मी कॉस्ट अकाउंटंट, आणि नागपुरातल्या एका मॅनेजमेंट कॉलेजात आठवड्यातून दोनदा शिकवायला जातो. एवढ्यावरून नातेवाईक, शेजारी आणि बायकोच्या भिशीतल्या मैत्रिणी अशा सगळ्यांच्या मुलांचं भविष्य मीच सांगणार असं ठरलेलं आहे. प्रश्नही ठरलेले. बीबीए की बीकॉम? एमबीएला मार्केटिंग घ्यावं की फायनान्स? एचआरला स्कोप आहे का? हे अ‍ॅनालिटिक्स काय नवीन निघालंय?

माझं मत जरा वेगळं आहे, म्हणून धागा. स्पेशलायझेशन बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षी येतं. त्याच्या कितीतरी आधी, पहिल्या सेमिस्टरलाच, मुलगा या विषयात रमणार की नाही ते ठरून गेलेलं असतं. अकाउंटिंग, स्टॅटिस्टिक्स आणि मॅनेजेरियल इकॉनॉमिक्स हे तीन पेपर मुलं 'काढून टाकायचे' म्हणून काढतात. जुन्या प्रश्नपत्रिका, झेरॉक्सच्या नोट्स, परीक्षेच्या आदल्या रात्री दहा गणितं पाठ. मग दुसऱ्या वर्षी फायनान्स घेऊन बसतात आणि ताळेबंद समोर आला की माझ्याकडे बघत राहतात.

वर्गात सगळे मिसळलेले असतात. निम्मे इंजिनिअर, काही बीकॉम, काही बीएस्सी, एखाददुसरा फार्मसीवाला. बीकॉमवाल्याला जमा-नावे तोंडपाठ, पण का ते विचारलं की गप्प. इंजिनिअर गणितात तेज, पण घसारा आला की अडतो. एकानं मला विचारलं, "सर, घसारा खर्च आहे ना, मग ते पैसे गेले कुणाला?" इतका चांगला प्रश्न वर्गात क्वचितच येतो. पैसे मशीन घेतलं त्याच दिवशी गेले. आता तो खर्च आपण मशीनच्या आयुष्यावर वाटून दाखवतोय. म्हणून नफा आणि गल्ल्यातली रोकड हे दोन आकडे जुळत नाहीत. हे ज्याला एकदा कळलं त्याला पुढचं निम्मं फायनान्स सोपं जातं.

मी पहिल्या आठवड्यात एकच उदाहरण देतो. तर्री-पोह्याचा ठेला. प्लेट ३० रुपये. पोहे, तेल, चणे, मसाला, गॅस, द्रोण धरून प्लेटमागे खर्च १७. उरले १३. जागेचं भाडं महिन्याला ७,५००, मदतनीस १२,०००, म्हणजे ठरलेला खर्च १९,५००. भागिले १३. १,५०० प्लेटा. महिन्यात २५ दिवस धंदा धरला तर रोज ६० प्लेटा विकल्या की ना नफा ना तोटा. (आकडे मीच धरलेत, भाव विचारायला कुणी येऊ नये.)

वर्ग यावर हसतो. त्यातलाच एखादा पुढच्या महिन्यात अमेरिकेतल्या कॉफीच्या साखळीवर चाळीस स्लाइडचं प्रेझेंटेशन देतो. त्याला इतवारीच्या बाजारातल्या किराणा ओळीत उधारी किती दिवसांची चालते ते मात्र ठाऊक नसतं, आणि घर शेजारच्या महाल भागात असतं.

तुमचे अनुभव लिहा. शिकणारे, शिकवणारे, शिकून पस्तावलेले, सगळे.

तर्री_जास्त

१७ रुपयांत प्लेट? कोणत्या सालचं तेल घेता साहेब? आणि कांदा-लिंबू विसरलात का?

हिशेबनीस

म्हटलं होतं ना, भाव विचारायला येऊ नका.

तर्री_जास्त

बरं, भाव सोडा. पण हिशेबात एक माणूस हरवलाय. पहाटे चारला उठून तर्री कोण करतं? ठेल्याचा मालक. त्याची मजुरी कुठंय? तो तेवढाच वेळ दुसऱ्याकडे कामाला गेला असता तर त्याला काहीतरी मिळालंच असतं. ६० प्लेटांवर तो फुकट राबतोय, आणि तुम्ही म्हणता तोटा नाही.

हिशेबनीस

हेच हवं होतं! वर्गात हा मुद्दा निघायला कधीकधी पूर्ण तास जातो. मालकाची मजुरी १५,६०० धरा. ठरलेला खर्च झाला ३५,१००. भागिले १३ म्हणजे २,७०० प्लेटा, रोजच्या १०८. खतावणीत ही मजुरी दिसत नाही, कारण ती कुणाला दिलेलीच नाही. इकॉनॉमिक्सच्या पेपरात याला संधी-खर्च म्हणतात आणि पोरं त्याची व्याख्या पाठ करतात. ६० आणि १०८ यांच्यामधल्या ४८ प्लेटा ही त्या व्याख्येची किंमत आहे.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, लय बराबर बोलून राहिले तुमी. आमचे बाबा कळमन्याच्या मार्केटात संत्र्याच्या धंद्यात हायेत. बारावीबी नाही झाले. पण अंबिया बहाराचा माल ऑक्टोबरात येऊ लागला का कोणत्या बगीच्यात किती पैसा घालाचा अन् मृग बहाराची वाट पाहाची का नाही, हे सारं डोस्क्यात. म्या एमबीएले ब्रेक-इव्हन, म्हंजे हेच ना नफा ना तोट्याचं गणित, शिकलो अन् घरी येऊन त्याइले मोठ्या ऐटीत समजावून सांगतलं. बाबा म्हणे, "हे तं मले ठाऊक हाये. वाटंत माल सडला तं काय करता, ते शिकवलं का?"

आता सांगा, याले काय उत्तर द्यावं?

हिशेबनीस

बाबांना नमस्कार सांगा. उत्तर आहे. शंभर क्रेट घेतले आणि दहा सडले, तर खरेदीची रक्कम शंभरावर नाही, नव्वदावर वाटायची. नेहमी होणारी नासाडी ही चांगल्या मालाच्या किमतीत जाते. ट्रक उलटला किंवा संपात अडकला तर ते वेगळं, ते सरळ नफा-तोटा पत्रकात. कॉस्टिंगमध्ये यावर अख्खं प्रकरण आहे, पण ते कारखान्याच्या उदाहरणांनी शिकवतात. संत्र्यानं शिकवलं असतं तर तुम्हाला त्याच दिवशी उत्तर देता आलं असतं.

मिहानवाली

मी मिहानमधल्या (विमानतळाजवळचं उद्योगक्षेत्र) एका कंपनीत एचआरला आहे. धागा छान, पण हिशेबनीस सर, तुमचा सूर असा येतोय की आकडे म्हणजेच मॅनेजमेंट आणि बाकी सगळं भाषण. एचआर घेणाऱ्या मुलींना वर्गात 'सोपं घेतलं' म्हणून ऐकावं लागतं, त्याचा मला अजून राग आहे.

उदाहरण नागपूरचंच देते. एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला ती सुरू केली. कापडगिरणी म्हटलं की तेव्हा मुंबई. पण त्यांनी नागपूर निवडलं, कारण कापूस इथं, रेल्वे इथं, कोळसा जवळ. हा झाला जागेच्या निवडीचा धडा. मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. कामगारांची गैरहजेरी ही तिथली मोठी डोकेदुखी होती. तेव्हाचा सोपा उपाय म्हणजे दंड. त्यांनी बक्षिसं, खेळ, कामगारांसाठी निधी असा रस्ता धरला, आणि १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला. अमेरिकेतल्या हॉथॉर्न कारखान्यातले कामगारांवरचे प्रयोग, जे ऑर्गनायझेशनल बिहेविअरच्या पहिल्याच युनिटला घोकायला लावतात, ते सुरू झाले १९२४ ला.

आमच्या वर्गात हॉथॉर्नवर दहा मार्कांचा प्रश्न होता. एम्प्रेस मिलवर एक ओळ नव्हती. गिरणीच्या जागेवर आता मॉल आहे, तिथं आम्ही पिक्चर बघायला जायचो.

हिशेबनीस

राग मान्य, आणि उदाहरण मी ढापणार आहे. आणखी एक भर. गिरणीची जागा दलदलीची होती. इथल्या एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला, हे सोनं मातीत पुरणं आहे म्हणून. पुढं गिरणी चालल्यावर त्यानंच कबूल केलं की टाटांनी माती टाकून सोनं काढलं. ही गोष्ट नागपुरात जुन्या लोकांकडून बऱ्याचदा ऐकायला मिळते. माझ्यासाठी ती भांडवल अंदाजपत्रकाची, म्हणजे मोठा पैसा कशात घालायचा ते ठरवण्याची, गोष्ट आहे. आकडे सावकाराकडेही होते, पण त्यानं धरलेला परतावा वेगळा होता.

एचआर सोपं आहे असं मी म्हणत नाही. एचआर घेणाऱ्यानंही एक माणूस सोडून गेला की कंपनीला किती रुपये पडतात, हे काढता आलं पाहिजे. भरती, ट्रेनिंग, मधले रिकामे आठवडे. तो आकडा घेऊन मालकासमोर गेलात की पगारवाढीची फाइल हलते.

मिहानवाली

हे मात्र खरं. तो आकडा मी काढलाय आणि फाइल हललीय.

धरमपेठ_आई

सगळं वाचून काढलं, निम्मं कळलं. माझा प्रश्न साधा आहे. मुलगी बारावी कॉमर्स झालीय. बीबीए की बीकॉम? आजूबाजूचे म्हणतात, बीबीएला आता परीक्षा द्यावी लागते. हे कधीपासून? आणि फी ऐकून धडकी भरते.

खिडकी_क्रमांक_चार

ताई, मी प्रवेशाच्या कामात असतो म्हणून सांगतो. बीबीए, बीसीए, बीएमएस हे कोर्स २०२४-२५ पासून एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले. त्याच वर्षीपासून राज्याचा सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) सेल त्यांची वेगळी परीक्षा घेतो. काही कॉलेजांनी त्यामुळे कोर्सचं नावच बदलून 'बीकॉम इन मॅनेजमेंट' छापाचं केलं. अशा ठिकाणी सीईटी लागत नाही, पण फी-सवलतीचं गणित बदलू शकतं. माहितीपत्रकावर कोर्सचं पूर्ण नाव वाचा, जाहिरातीतलं नको.

फीचं असं. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल आणि मुलगी ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातली असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. अट एकच, पण मोठी: प्रवेश केंद्रीय फेरीतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर एक रुपया मिळत नाही. विकास शुल्क वगैरे वेगळं भरावं लागतं. कोर्स आणि कॉलेज महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत आहे का, ते आधी बघा.

हिशेबनीस

बीबीए की बीकॉम याचं माझं उत्तर: मुलीला हिशेब आवडत असेल आणि सोबत सीए किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) करायचा विचार असेल, तर बीकॉम. वेळ मोकळा मिळतो. बोलकी आहे, धंद्यात रस आहे, पुढं एमबीए नक्की आहे, तर बीबीए चालेल. पण बीबीए आणि एमबीएची पहिली दोन सेमिस्टर पुष्कळशी सारखीच असतात. तेच विषय पाच वर्षांत दोनदा शिकायची तयारी हवी. मधे दोन वर्षं नोकरी केली तर दुसऱ्यांदा शिकताना ते रुचतात, नाहीतर कंटाळा येतो.

लक्ष्मीनगर_रिटर्न्स

एमबीएला कॅट (आयआयएमची परीक्षा) की राज्याची सीईटी? आणि पीजीडीएम म्हणजे डिग्री नाही म्हणतात, खरं का?

खिडकी_क्रमांक_चार

एमबीए ही पदवी विद्यापीठच देऊ शकतं. स्वायत्त संस्था एआयसीटीईच्या मान्यतेनं पीजीडीएम देतात, तो डिप्लोमा. आयआयएमसुद्धा आधी डिप्लोमाच द्यायच्या. आयआयएम कायदा जानेवारी २०१८ मध्ये लागू झाला, तेव्हापासून पदवी देतात. नोकरी देणाऱ्याला फरक पडत नाही. पुढं पीएचडी किंवा सरकारी नोकरीचा विचार असेल तर कागद तपासून घ्या.

परीक्षांचा स्वभावच वेगळा. सीईटीला २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला मार्क कापत नाहीत. तिथं वेग लागतो. कॅटला तीन भाग, प्रत्येकी ४० मिनिटं, पर्यायी प्रश्न चुकला की मार्क जातात. तिथं कुठला प्रश्न सोडायचा ते कळावं लागतं.

वऱ्हाडी_ठेचा

आयआयएम आपल्या गावात २०१५ ले आली, आधी व्हीएनआयटी इंजिनिअरिंग कॉलेजात होती, आता मिहानले मोठा कॅम्पस हाये. पण नागपूरचं पोट्टं नागपूरच्या आयआयएमले जाईन याची काई ग्यारंटी नाही. कॅट सारा देश देते.

गल्ली_ते_लिमिट

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. नागपूर विद्यापीठातूनच एमबीए केलं, आता बँकेत छोट्या उद्योगांची कर्जं बघतो. हिशेबनीस सर नफ्यावर थांबले. माझ्या टेबलावर येणारी माणसं नफ्यात असूनही अडकलेली असतात, म्हणून पुढचं सांगतो.

गांधीबागेतला ठोक कापड व्यापारी धरा. माल दुकानात सरासरी ४० दिवस पडतो. किरकोळ दुकानदाराला ६० दिवसांची उधारी. त्याला स्वतःला माल देणारा ३० दिवस थांबतो. ४० अधिक ६० वजा ३०, म्हणजे ७० दिवस त्याचा पैसा बाहेर. वर्षाची विक्री १ कोटी असेल तर ढोबळमानानं १९ लाख कायम अडकलेले.

बँकेचा छोट्या उद्योगांसाठीचा ठोकताळा असा: वर्षाच्या अंदाजित विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल (रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा) लागतं असं धरायचं, त्यातले २० टक्के बँक देते, ५ टक्के मालकाचे. १ कोटीवर बँकेचे २० लाख, स्वतःचे ५. म्हणजे १९ लाखांची गरज आरामात भागते. आता दिवाळीनंतर दुकानदारांनी उधारी ६० वरून ९० दिवसांवर नेली. ७० चे १०० दिवस झाले. अडकलेला पैसा २७ लाखांवर. लिमिट, म्हणजे बँकेची कर्जमर्यादा, संपली. विक्री तेवढीच, नफा तेवढाच, आणि माणूस माझ्यासमोर बसून घाम पुसतोय.

त्यात आयकराचं ४३बी(एच) हे कलम आलं, २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून. सूक्ष्म आणि लघु उत्पादकाकडून घेतलेल्या मालाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत, असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे. नाही दिले तर तो खर्च त्या वर्षी धरता येत नाही, पैसे देईपर्यंत. गंमत अशी की हे संरक्षण उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, व्यापाऱ्याला नाही. म्हणजे आमच्या कापडवाल्यानं लहान यंत्रमागवाल्याला ४५ दिवसांत पैसे द्यायचे, आणि त्याचा दुकानदार मात्र त्याला ९० दिवस लटकवू शकतो. नियम एका टोकाला आवळला आणि मधला माणूस चेपला.

माझ्या एमबीएत खेळत्या भांडवलाचा एकच तास झाला होता. परीक्षेला सूत्र आलं, उधारी आली नाही.

तर्री_जास्त

हे वाचून आमच्या काकांना फोन केला. त्यांची उधारी १२० दिवसांवर आहे. आता झोप उडालीय, त्यांची नाही, माझी.

समर_इंटर्न

मी सध्या पहिल्या वर्षाला आहे. समर प्रोजेक्ट करायचंय. सीनियर म्हणतात, टेन्शन घेऊ नको, बाइंडिंगच्या दुकानात तयार मिळतात, नाव आणि कंपनी बदलायची. शंभर लोकांची प्रश्नावली होस्टेलवर एका रात्रीत भरून होते. सगळेच असं करतात का?

हिशेबनीस

पुष्कळ करतात, आणि तपासणाऱ्याला ते पहिल्या पानावर कळतं. शंभर माणसांची उत्तरं इतकी सरळ रेषेत येतात की खरी माणसं अशी वागतच नाहीत.

तुम्ही असं करा. सक्करदऱ्यापासून महालापर्यंत किराणा दुकानं निवडा, तीस पुरे. तीनच गोष्टी विचारा: उधारीवर किती गिऱ्हाइकं, किती रक्कम, किती दिवसांची. दुकानदार आधी सांगणार नाही. दोनदा जा, काहीतरी विकत घ्या, दुपारी तीनला जा, तेव्हा गिऱ्हाईक कमी असतं. मग सरासरी काढा आणि मध्यकही, म्हणजे आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा. समजा पाच दुकानांची उधारी हजारांत १०, १२, १५, १८ आणि २४५ आहे. सरासरी येते ६०. ६० हजार उधारी असलेलं दुकान त्या पाचांत एकही नाही. मध्यक १५. आता त्या २४५ वाल्याकडे परत जा आणि का ते विचारा. कदाचित तो लग्नाचा किराणा पुरवत असेल, कदाचित बुडत असेल. तुमचं प्रोजेक्ट तिथून सुरू होतं.

समर_इंटर्न

कंपनीचं सर्टिफिकेट लागतं सर. किराणा दुकान लेटरहेडवर देणार नाही.

गल्ली_ते_लिमिट

ठोक वितरकाकडे जा. त्याच्याकडे जीएसटी नंबर, लेटरहेड, शिक्का सगळं असतं आणि ही माहिती त्यालाच सगळ्यात जास्त हवी असते. बहुतेक जण उधारीची वही वर्षातून एकदा जुळवतात. तू दोन महिने ती एक्सेलमध्ये बसवून दिलीस तर सर्टिफिकेट सोड, दिवाळीला मिठाईचा डबा घरी येईल.

वऱ्हाडी_ठेचा

कळमन्याले ये. बाबाले सांगतो. पण सकाळी पाचले या लागन.

समर_इंटर्न

पाच?? बरं. येतो. व्यनि (खासगी निरोप) केलाय.

धरमपेठ_आई

मुलीनं हा धागा वाचला आणि बीबीएची सीईटी द्यायची म्हणतेय. आम्ही ओबीसी आहोत, उत्पन्न मर्यादेत बसतं. कुठले कागद आत्तापासून करून ठेवू?

खिडकी_क्रमांक_चार

जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र आधी. वैधतेला वेळ लागतो, अर्ज केला नसेल तर याच आठवड्यात करा. नॉन-क्रीमीलेअर चालू वर्षात वैध हवं, जुनं असेल तर ३१ मार्चची मुदत बघा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, आणि मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं. सेतू केंद्रात जूनमध्ये पाय ठेवायला जागा नसते, त्यामुळे जे आत्ता निघतंय ते काढून घ्या. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग दहावीच्या मार्कशीटसारखंच आहे ना, तेही बघून घ्या. अर्ज सगळ्यात जास्त तिथंच अडकतात.